उंबऱ्याबाहेरचा वाटा

अमृतने पिल्लू आणलं ते नेमकं वसुबारसेच्या दिवशी, आणि तेही पेंडीच्या रिकाम्या पोत्यात घालून, मोटारसायकलच्या टाकीवर आडवं ठेवून. दिवस कुठला, वेळ कुठली, हे अमृतला कोण सांगणार? त्याची आई छबूबाई ताटात बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी घेऊन गाय-वासराच्या पूजेला गोठ्याकडे निघालेली, आणि हा पठ्ठ्या भर अंगणात पोत्याचं तोंड सोडतो. आधी नाक आलं, मग तांबूस कान, मग अख्खं पिल्लू बाहेर घरंगळलं आणि फरशीवर मुतलं.

"मोती आला गं," छबूबाई बोलून गेली.

बोलली आणि तिने जीभ चावली, पण व्हायचं ते झालं होतं. ओट्यावर बसलेल्या तिच्या नवऱ्याने, आप्पासाहेबांनी, मान खाली घातली. स्वयंपाकघरात थोरल्या सुनेच्या, ज्ञानेश्वरीच्या, हातातली परात वाजायची थांबली.

गागरे वस्तीवर कुत्र्याला दुसरं नाव कधी ठेवलंच नाही. आप्पासाहेबांच्या वडिलांपासून अंगणातलं कुत्रं म्हणजे मोती. तांबडं असो, काळं असो, कुत्री असली तरी मोतीच. एक गेलं की दुसरं यायचं. साखळी तीच, लोखंडी मेख तीच, नाव तेच. पोरांना सांगायचं, मोती गावाला गेल्ता, लहान होऊन आला. अमृतला तर पाचवीत जाईपर्यंत हे खरं वाटायचं. मोती कुठल्या गावाला जातो ते मोठ्यांना माहीत होतं. कॅनॉलच्या दोन्ही अंगांना ऊस आणि उसात वाघरू. शहरातले लोक बिबट्या म्हणतात, वस्तीवर वाघरूच म्हणतात. आप्पासाहेबांच्या वडिलांची शिकवण अशी, की वाघाचा वाटा उंबऱ्याबाहेर ठेवावा, मग तो उंबरा ओलांडत नाही. ऐकायला वाईट वाटतं, वाटू दे. पण या रीतीवर तीन पिढ्यांची पोरं त्या अंगणात खेळून मोठी झाली होती.

गेल्या मार्गशीर्षात ही रीत मोडली. थंडी कडाक्याची होती आणि मोतीला खोकला झाला होता. अमृतचा थोरला भाऊ वैजनाथ, त्याची पोर सृष्टी, तेव्हा आठ वर्षांची, तिने त्याला साखळीतून सोडलं आणि चुलीपाशी पोतं टाकून निजवलं. त्याच दिवेलागणीला तिचा धाकटा भाऊ राम अंगणात राहिलेला ट्रॅक्टर आणायला गेला. प्लास्टिकचा, निळा. दारापासून तुळशीपर्यंत जायचं आणि परत यायचं. मोती चुलीपासून उठून दाराशी जाऊन भुंकायला लागला, तेव्हा अंगणात नुसता ट्रॅक्टर होता.

पुढे पिंजरा लागला, एक वाघरू सापडलं, लोकांनी फोटो काढले, ते गाडीतून कुठंतरी नेलं. तेच होतं की दुसरं, हे त्याच्या कपाळावर थोडंच लिहिलं होतं? आणि मोतीला आप्पासाहेबांनी दुधाच्या टेम्पोत घालून वांबोरी घाटात सोडून दिलं. तेव्हापासून वस्तीवर कुत्रं नव्हतं. साखळी गोठ्यातल्या खिळ्याला लटकत होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

अमृतने पिल्लू हौसेने आणलं नव्हतं. त्याची बायको संस्कृती बाळंतपणाला कोपरगावला माहेरी गेलेली. मुलगा झाला होता, रविराज नावही ठेवून झालं होतं. भाऊबीज झाली की दोघांना आणायचं ठरलेलं. पण चार दिवसांपूर्वी कॅनॉलच्या ओल्या मातीत पुन्हा ठसे निघाले, आणि कुणा शहाण्याने त्यांचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. तो संस्कृतीपर्यंत पोचला. दारात राखण नसेल तर मी बाळाला घेऊन उंबरा चढणार नाही, असं तिने सांगितलं. तिचं तरी काय चुकलं?

पूजा कशीबशी उरकली. गाईने भाकरी खाल्ली, वासराला कुंकू लागलं, आणि सगळे ओट्यावर जमले. पिल्लू मधोमध, कुणाचंच नसल्यासारखं. ते प्रत्येकाच्या पायाशी जाऊन हुंगायचं आणि प्रत्येक जण पाय आवळून घ्यायचा.

वैजनाथ खांबाला टेकून उभा होता. थोरला म्हणून आधी त्यानेच बोलायचं, पण त्याला बोलायचंच नव्हतं. राम गेला त्या संध्याकाळी तो मोटार चालू करायला विहिरीवर गेला होता, आणि तेव्हापासून घरातल्या कुठल्याही गोष्टीत आपलं मत द्यायचा अधिकार संपला, असं त्याने मनाशी धरलं होतं. तो आधी बायकोच्या बाजूने बोलला. घरात एकाला कुत्रं डोळ्यांपुढे नको आहे, तर कशाला आणायचं, कुंपणाला जाळी मारू, दिवे वाढवू. अमृतने ऐकून घेतलं आणि विचारलं की जाळी सहा महिने झाले मारतोच आहेस, कुठवर आली?

मग छबूबाईने कामाचं बोलणं काढलं. हगल्या-मुतल्याचं कोण काढणार, दूध कोण पाजणार, डॉक्टरकडे टोचायला कोण नेणार, बाळाच्या पाळण्याखाली हे केस गाळत फिरलं तर? अमृतने पिल्लाला राहुरीहून टोचूनच आणलं होतं. दूध गोठ्यात होतंच. बाकीचं मी बघतो म्हणाला. अमृतचं मी बघतो म्हणजे काय, हे घरातल्या भिंतींनाही माहीत होतं.

"ह्यो काय राखन करनार?" आप्पासाहेबांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "ह्याचीच राखन करायला मानूस लागंल."

"मोठा व्हईल की, आप्पा."

"तवर वाघरू थांबनार हाय का?" म्हातारा थोडा वेळ पिल्लाकडे बघत राहिला. त्याच्या वडिलांनी असंच एक पिल्लू आणून त्याच्या मांडीवर दिलं होतं, आणि दुसऱ्याच महिन्यात रिकामा पट्टा त्यालाच धुवायला लावला होता. शिकलं पाहिजे, म्हणाले होते. तो शिकला. "तरी बांधा," तो म्हणाला. "लहान असलं की केकाटतं जास्त. गोठ्याच्या पल्याड, उसाच्या अंगाला बांधा. तेवढं पुरं हाय."

त्याचा अर्थ प्रत्येकाला कळला. राखणीला नव्हे, वाट्याला.

अमृतचा फोन वाजला तो याच वेळी. संस्कृती होती. त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला, म्हणजे जे बोलायचं ते सगळ्यांसमोर. आधी बाळाचं रडणं ऐकू आलं आणि ओटा एकदम हलका झाला. छबूबाई तर फोनलाच ओवाळायला निघाली. मग संस्कृतीने सासूसासऱ्यांना नमस्कार सांगून विचारलं, "वहिनी आहेत का तिथं?"

ज्ञानेश्वरी दारात येऊन उभी राहिली होती.

"बोल," ती म्हणाली.

"वहिनी, तुमच्या मनात काय चाललं असेल ते मला कळतं. पण मला खोटं सांगू नका. घर तयार आहे का? माझं बाळ तिथं आणू का नको?"

ज्ञानेश्वरीची नजर उसाकडे गेली. ती पारनेरची, कोरडवाहू मुलखातली. लग्न होऊन आली तेव्हा एवढं हिरवं बघून हरखली होती. आता तिला हिरवं नको होतं. ऊस वाऱ्याने सळसळला की ती हातातलं काम टाकून दाराला कडी लावायची. आणि कुत्र्याचं म्हणाल तर तिला कुत्र्याची भीती नव्हती, घृणा नव्हती. तिला कुत्रं दिसलं की चुलीपाशी पसरलेलं पोतं दिसायचं, आणि पोत्याशेजारी बसून कुत्र्याच्या छातीला तेल चोळणारी आपली पोर दिसायची. त्यापुढचं तिला बघवत नव्हतं. तिने त्या पोरीला एकदाही बोल लावला नव्हता. मारलंही नव्हतं. फक्त त्या दिवसापासून तिची वेणी घातली नव्हती. वेणी आता आजी घालायची, लाल रिबिनी लावून, आणि कुणी विचारत नव्हतं की आई असताना आजी का.

"वहिनी?" फोनमधून आलं.

"दारात कुत्रं नको," ज्ञानेश्वरी म्हणाली. "एवढंच माझं म्हननं."

काय ठरतंय ते कळवा, म्हणून संस्कृतीने फोन ठेवला. आता बाजू बदलायला लागल्या. छबूबाईच्या कानात अजून बाळाचं रडणं होतं. एका नातवाला मुकलेली बाई दुसऱ्याला दारापासून परत कशी पाठवेल? ती म्हणाली की सुनबाईचं दुःख सगळ्यांचंच आहे, पण येणाऱ्या जिवासाठी मन घट्ट करावं लागतं. वैजनाथकडे सगळ्यांनी बघितलं. त्याने बायकोकडे बघायचं टाळलं आणि हळूच म्हणाला, बांधू द्या मग. ज्ञानेश्वरीने फक्त मान हलवली, जसं काही तिला हेच अपेक्षित होतं. आता ती एकटी होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण अमृतच्या अंगात जिंकल्याचा जोर आला.

"वहिनी, तुमी राग मानू नका. पन त्या दिवशी कुत्रं बाहेर असतं तर..."

पुढे तो बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती. वर्षभर घरात प्रत्येकाने ते वाक्य मनात कधी ना कधी पुरं केलं होतं, आणि छबूबाईने तर रामच्या दहाव्याला, पाहुण्यांसमोर, रडता रडता मोठ्याने केलं होतं : ज्याची जागा साखळीला, ते चुलीपाशी, आणि लेकरू अंगणात. सृष्टी तेव्हा तिच्या मांडीला लागूनच बसलेली होती. त्यानंतर पोरीने कधी मोतीचं नाव काढलं नाही. छबूबाई समजली होती, लेकरू आहे, विसरली.

कुणीही सृष्टीकडे बघितलं नाही. सगळ्यांनी एकाच वेळी न बघणं हेही बघण्यासारखंच असतं. मग वैजनाथच्या लक्षात आलं की बघायला ती ओट्यावर नव्हतीच. आणि मधोमध पिल्लूही नव्हतं.

गोठ्याच्या मागून लोखंडावर दगड आपटल्याचा आवाज येत होता.

सृष्टीला मेख ठोकायची कुणी शिकवली नव्हती. तिने आप्पांना ठोकताना बघितलं होतं, तिरपी धरायची, म्हणजे ओढली तरी उपटत नाही. खिळ्यावरची साखळी काढायला तिला बादली उपडी घालून चढावं लागलं. साखळी जड होती आणि गंजली होती. पट्टा मोठ्या मोतीचा होता, पिल्लाच्या मानेतून तो सरळ खाली पडायचा. तिने दोनदा घालून बघितला. मग आपल्या वेणीची रिबीन सोडली आणि पट्ट्याला पीळ घालून घट्ट बांधली. पिल्लू तिचा हात चाटत होतं. तिने हात मागे घेतला.

रडू नाही आलं तिला. रडायचं नाही हे तिने आधीच ठरवलं होतं. कुत्रं आणणार हे तिला काकांच्या फोनवरच्या बोलण्यावरून कळलं होतं, आणि तेव्हापासून तिने मनाशी म्हणून ठेवलं होतं, की या वेळी मी बांधीन. दुसऱ्या कुणी बांधलं तर रात्री त्याचं रडणं ऐकून मला सोडावंसं वाटेल. मीच बांधलं तर नाही वाटणार. तिने ऊस किती लांब आहे ते बघितलं, दार किती लांब आहे ते बघितलं, आणि मेख उसाच्या अंगाला ठोकली.

ज्ञानेश्वरी सगळ्यांत पुढे धावत आली. मागोमाग वैजनाथ बॅटरी घेऊन, मग अमृत, आणि काठी टेकत आप्पासाहेब. उजेड अजून होता, पण उसात अंधार भरला होता. पोर गुडघ्यांवर बसून दगड मारत होती. एक वेणी सुटून तोंडावर आली होती.

"सृष्टी. आत चल."

"आले. एवढी बसू दे, मम्मी. हलतीय अजून."

"कुनी सांगितलं तुला हे करायला?"

"कुनी न्हाई. बाळ येनार हाय ना." तिने आणखी एक घाव घातला. "मी न्हाई सोडनार आता. किती बी रडलं तरी. तू काकूला सांग, या."

ज्ञानेश्वरी दोन पावलांवर थांबली. ती पिल्लाकडे बघत होती. ते साखळीच्या टोकाला, जडपणाने मान खाली गेलेलं, आणि गळ्यात लाल रिबीन.

"नाव काय ठेवलंस?" तिने विचारलं. का विचारलं ते तिलाही कळलं नाही.

"न्हाई ठेवलं. नाव ठेवलं की आत घ्यावंसं वाटतं."

आप्पासाहेबांनी तोंड फिरवलं. आपण ज्या वयात शिकलो त्याच वयात नात शिकली, आणि आपल्यापेक्षा चांगली शिकली, हे त्यांना दिसलं. त्यांना ते सहन झालं नाही. ते काठी टेकत गोठ्याच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले.

ज्ञानेश्वरी मातीत बसली. ऊस पाठीशी होता. गेलं वर्षभर तिने उसाकडे कधी पाठ केली नव्हती. वैजनाथ बॅटरी घेऊन तिच्या आणि उसाच्या मध्ये जाऊन उभा राहिला. त्याला एवढंच सुचलं, पण त्या दिवशी त्याने केलेलं तेवढंच एक धड काम होतं.

"दगड टाक," ती म्हणाली. पोरीने टाकला. "माझ्याकडं बघ. मी तुझ्यावर राग धरला. वर्षभर धरला. तोंडानं बोलले न्हाई, पन धरला. तुला कळत हुतं ना?"

सृष्टीने मान हलवली. कळत होतं.

"राम तुझ्यामुळं गेला न्हाई. वाघरानं नेला. आजारी जनावर तू आत घेतलंस, कुनीबी घेतलं असतं. मी घेतलं असतं."

"आजी म्हनली हुती..."

"आजी चुकली. आन् मी आजीला गप केलं न्हाई, ती माझी चूक."

छबूबाई गोठ्याच्या कोपऱ्यावर पोचली होती. तिने ते ऐकलं, आणि पदर तोंडात धरून तिथंच खाली बसली. कुणी तिची समजूत काढायला गेलं नाही.

ज्ञानेश्वरीने पिल्लाला जवळ ओढलं. पट्ट्याला पीळ घातलेली रिबीन सोडायला तिला वेळ लागला, गाठ पोरीने फार घट्ट मारली होती. रिबीन निघाली तसा पट्टा सैल झाला, आणि पिल्लू त्यातून अलगद बाहेर आलं. मग तिने पोरीला पाठमोरी बसवली, तोंडावरचे केस मागे घेतले आणि तिथंच, उसाच्या कडेला, वेणी घातली. सवय मोडली होती, वेणी वेडीवाकडी आली. सृष्टी आता रडायला लागली होती. ज्ञानेश्वरीही रडत होती. पण वेणी तिने शेवटपर्यंत घातली आणि तीच रिबीन बांधली.

"हे आत येनार," ती उठताना म्हणाली. "आलं तर घरातलं मानूस म्हनून येनार. वाट्याला ठेवायला या घरात आता कुनी न्हाई."

अमृतचा चेहरा उतरला. त्याने भावाकडे बघितलं, बापाकडे बघितलं. कुणीच त्याच्या बाजूचं उरलं नव्हतं.

"मग बाहेर कोन?" त्याने विचारलं. "वहिनी, मला पोरीचं कळतंय. मी काय दगड न्हाई. पन बाहेर कुनी न्हाई, आन् ठसे तर हायेत. मी संस्कृतीला काय सांगू?"

"खरं सांगा, भावजी. घर तयार न्हाई म्हनून सांगा."

हे ऐकायला सोपं नव्हतं आणि बोलायलाही नव्हतं. म्हणजे बाळ भाऊबीजेला येणार नाही. जाळी पुरी होईपर्यंत तरी नाही, आणि वैजनाथची जाळी म्हणजे देव जाणे. कदाचित संस्कृती कोपरगावलाच राहू म्हणेल, आणि अमृत बायकोच्या गावाला साखर कारखान्यात कुठंतरी चिकटेल. वस्तीवरचं एक घर कमी होईल. हे सगळं तिथं उभ्या प्रत्येकाला दिसत होतं. आप्पासाहेबांना तर स्पष्टच. एरवी त्यांनी काठी आपटून पोराला थांबवलं असतं.

"जा तू," ते म्हणाले. "बायको-पोराजवळ जा. सन तिकडंच कर."

अमृतने पेंडीचं रिकामं पोतं झटकून घडी केलं, ओट्यावर ठेवलं आणि गाडी काढली. निघताना त्याने सृष्टीच्या डोक्यावर हात ठेवला. छबूबाई पाठोपाठ बांधापर्यंत गेली, अंधार पडायच्या आत रस्त्याला लाग म्हणून सांगत राहिली, आणि वैजनाथने तिला हाताला धरून परत आणलं.

मग आप्पासाहेबांनी दार लावलं. आधी कडी, मग आडणा, दाराआडचं आडवं लाकूड. बाहेर मेख ठोकलेली होती, साखळी जमिनीवर होती आणि पट्टा रिकामा होता. कुत्रं घरात आणि अंगण मोकळं, असं वस्तीवर इतक्या वर्षांत फक्त एकदाच झालं होतं. ते प्रत्येकाला आठवलं. छबूबाईने पणती देवापुढे ठेवली. दिवाळीची पहिली पणती दारात लावायची रीत असते, पण दार उघडायला कुणी तयार नव्हतं.

ज्ञानेश्वरीने अमृतने घडी करून ठेवलेलं तेच पोतं आत आणलं होतं. तिने ते चुलीपाशी पसरलं. तिथंच, त्याच जागी. पिल्लू त्यावर जाऊन गोल फिरलं आणि बसलं. ते दूध प्यायलं, पेंगलं.

थोड्या वेळाने त्याने मान वर केली. कान उभे केले, दाराकडे तोंड केलं आणि त्या एवढ्याशा गळ्यातून एकदाच भुंकून बघितलं.

घरातलं कुणी हललं नाही. वैजनाथने एकेकाकडे बघून सगळे आत आहेत ना याची खात्री केली. आप्पासाहेबांचा हात आडण्यावर होता. बाहेर ऊस वाजत होता, तो वाऱ्याने की कशाने, ते आतून सांगता येत नव्हतं.

सृष्टीने पिल्लाला मांडीवर ओढून घेतलं, आणि ज्ञानेश्वरीने सृष्टीला.